कॅट्सकिलच्या डोंगरातल्या मैत्रिणी : ‘कासा सुझाना’ छायाचित्रसंग्रहाचा प्रकरण अभ्यास

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटनमध्ये, सव्विसाव्या रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या बाजारात, रॉबर्ट स्वोप या फर्निचरच्या व्यापाऱ्याला एक खोके मिळाले. त्यात शंभरेक सुटे फोटो आणि तीन अल्बम होते. फोटोंचे विषय कोणत्याही मध्यमवर्गीय अमेरिकन घरातल्या अल्बममध्ये शोभतील असेच होते : दिवाणखान्यात गप्पा मारत बसलेल्या बायका, स्क्रॅबलचा रंगलेला डाव, नाताळचे झाड सजवण्याची लगबग, हिरवळीवर खुर्च्या मांडून काढलेला ग्रुप फोटो. जरा निरखून पाहिल्यावर मात्र लक्षात येत होते, की या फोटोंतल्या जवळपास सगळ्या स्त्रिया एरवी पुरुष म्हणून नोकरी-संसार करणाऱ्या व्यक्ती आहेत आणि आठवड्याच्या शेवटी, एका आडबाजूच्या जागी, त्या आपापल्या निवडलेल्या नावाने आणि वेषात एकत्र आल्या आहेत. स्वोप आणि त्यांचे जोडीदार मिशेल हर्स्ट यांनी २००५ साली या फोटोंचे पुस्तक काढले आणि ‘कासा सुझाना’ हे त्या जागेचे नाव पहिल्यांदाच त्या मंडळाबाहेर पोहोचले.

मित्रमंडळींनी एकमेकांचे काढलेले हौशी फोटो इतिहासाचे साधन म्हणून कसे वाचावेत, या प्रश्नासाठी मी हे प्रकरण निवडले आहे. याचे कारण विषयाचे वेगळेपण एवढेच नाही. अशा फोटोंबाबत सहसा ज्या गोष्टी गृहीत धरून सोडून दिल्या जातात, म्हणजे कॅमेरा कोणाच्या हातात होता, फिल्म कोणी धुतली, प्रती कोणाला मिळाल्या आणि अल्बम कोणाच्या कपाटात राहिला, त्या सगळ्या येथे जिवावरच्या प्रश्नांसारख्या उभ्या होत्या, आणि म्हणून त्यांचे माग शिल्लक राहिले. माझे म्हणणे असे आहे की मैत्रीच्या फोटोत इतिहासाचा खरा घटक एकेकटा चेहरा नसतो. फोटो ज्या मंडळात निघाला, फिरला आणि जपला गेला ते मंडळ हा घटक असतो. खोक्यातले फोटो सुटे सुटे पाहिले तेव्हा त्यांचे वाचन चुकत गेले आणि मंडळ पुन्हा जुळवले गेले तसतसे ते सुधारत गेले, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्याने दिसते.

जागा आणि माणसे

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, गाडीने दोन-अडीच तासांवर, कॅट्सकिलचे डोंगर लागतात. त्या भागात हंटर गावाच्या परिसरात सुझाना व्हॅलेंटी आणि तिची पत्नी मारी यांची जागा होती. पुरुष म्हणून सुझाना न्यायालयात भाषांतरकाराचे काम करत असे; मारीचे मॅनहॅटनच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर विगचे दुकान होते. दोघांची ओळख त्या दुकानातच झाली. बहिणीसाठी विग पाहिजे म्हणून आलेले हे गिऱ्हाईक तो स्वतःसाठीच घेत आहे, हे मारीने तिथल्या तिथे ओळखले, अशी हकीकत सांगितली जाते. पहिल्या जागेला त्यांनी अठराव्या शतकातल्या, आयुष्याचा मोठा भाग स्त्री म्हणून घालवलेल्या शव्हालिए देओं या फ्रेंच मुत्सद्द्याचे नाव दिले होते. १९६४ पासून त्याच परिसरात ‘कासा सुझाना’, म्हणजे सुझानाचे घर, सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले.

येणाऱ्या पाहुण्यांत बहुतेक गोरे, मध्यमवर्गीय, लग्न झालेले, बायकामुले असलेले लोक होते. काही जणांच्या बायका सोबत येत. त्यांना जोडणारा आणखी एक धागा छापील होता. व्हर्जिनिया प्रिन्स यांनी १९६० मध्ये लॉस एंजेलिसहून ‘ट्रान्सव्हेस्टिया’ नावाचे नियतकालिक सुरू केले, त्यात सुझानाचे सदर नियमित असे, आणि वाचक आपली खरी नावे झाकून, निवडलेल्या नावाने आपले अनुभव व फोटो त्यात छापायला पाठवत. अंकाच्या मुखपृष्ठावर बहुधा एखाद्या वाचकाचाच फोटो आणि आत तिची जीवनकथा असे. डोंगरातल्या शनिवार-रविवारचे वर्णन सुझाना आपल्या सदरात करी. त्यामुळे ज्याला तिथे कधीच जाता आले नाही अशा दूरच्या गावातल्या वाचकालाही त्या घराची, तिथल्या माणसांची आणि गमतीजमतीची ओळख असे.

हा काळ ध्यानात घेतल्याशिवाय फोटोंचे वजन कळत नाही. वेषांतर करून सार्वजनिक ठिकाणी फिरण्याविरुद्धचा न्यूयॉर्क राज्याचा १८४५ चा कायदा मुळात शेतकऱ्यांच्या बंडाळीसाठी केलेला होता; विसाव्या शतकात पोलिसांनी तो स्त्रीवेषातल्या पुरुषांवर वापरला. टपालाने अश्लील मजकूर पाठवल्याच्या आरोपावरून खुद्द व्हर्जिनिया प्रिन्स यांच्यावर खटला झाला होता. १९६० च्या सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे न्यूटन आर्विन या नामवंत समीक्षक-प्राध्यापकाला अटक झाली, ती त्यांच्या घरी सापडलेल्या पुरुषांच्या छायाचित्रांच्या मासिकांमुळे. त्या धाडीचे धागे त्यांच्या सहकाऱ्यांपर्यंत गेले आणि एकाच्या कपाटातल्या कागदांनी इतरांच्याही नोकऱ्या घालवल्या. मित्रांचा फोटो जवळ बाळगणे म्हणजे मित्रांविरुद्धचा पुरावा जवळ बाळगणे, असा तो काळ होता. तरीही या मंडळाने शेकड्यांनी फोटो काढले आणि अल्बममध्ये लावून ठेवले. या संग्रहासमोर उभे राहताना पहिला प्रश्न हाच पडतो, की एवढा धोका पत्करून फोटो काढण्याची गरज काय होती?

फिल्म धुवायला कोणाकडे द्यायची?

हौशी छायाचित्रणाच्या इतिहासात एक तिऱ्हाईत माणूस सुरुवातीपासून उभा आहे आणि त्याच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ईस्टमनच्या कंपनीने १८८८ मध्ये पहिला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला तेव्हा त्यात शंभर फोटोंची फिल्म भरलेली असे आणि ती संपली की कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा असे. तिथे फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म घालून तो परत येई. छायाचित्रण घरोघरी पोहोचले ते या सोयीमुळे. पण याचा अर्थ असाही होता, की घरातला प्रत्येक खासगी क्षण अल्बममध्ये चिकटण्याआधी कोणा अनोळखी कामगाराच्या डोळ्यांखालून जाई. बहुतेक कुटुंबांना त्याची फिकीर करण्याचे कारण नव्हते. कासा सुझानाच्या पाहुण्यांना होते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फिल्म द्यायची म्हणजे आपले खरे आडनाव आणि पत्ता पाकिटावर लिहून आपले गुपित काउंटरवर ठेवायचे.

यातून सुटण्याचा एक मार्ग पोलरॉइडने दिला होता. १९४८ च्या अखेरीस विक्रीला आलेल्या या कॅमेऱ्यात मिनिटाभरात फोटो हातात पडे आणि मध्ये कोणीही नसे. १९६३ मध्ये त्याची रंगीत फिल्मही आली. झटपट फोटोच्या जाहिराती पार्टीतल्या गमतीभोवती फिरत, पण मंडळातल्या माणसांसाठी त्याची किंमत वेगळी होती : हा फोटो कोणाच्याही परवानगीशिवाय, कोणाच्याही नजरेखालून न जाता अस्तित्वात येऊ शकत होता. मर्यादा एवढीच, की त्याची निगेटिव्ह राहत नसे आणि म्हणून प्रत एकच असे. स्वतःला पाहण्यासाठी ती पुरेशी होती. सहा मैत्रिणींना एकेक द्यायची तर मात्र पंचाईत होती.

प्रती हव्यात तर निगेटिव्ह हवी, निगेटिव्ह हवी तर ती धुणारा विश्वासातला माणूस हवा. इथे अँड्रिया सुझन ही व्यक्ती महत्त्वाची ठरते. ती याच मंडळातली, छायाचित्रणात तयार असलेली, आणि आज संग्रहालयात असलेल्या कितीतरी फोटोंचे श्रेय तिच्याकडे जाते. कॅमेऱ्यामागची नजर आणि प्रती काढणारा हात हे दोन्ही मैत्रीच्या वर्तुळात आल्यावर फोटोंचा स्वभावही बदलतो. ओळखीच्या गावकऱ्याने वा बातमीदाराने काढलेल्या चित्रात जी सावधगिरी किंवा जो तमाशा दिसला असता तो इथे औषधालाही सापडत नाही. पोझ आहेत, पण त्या एकमेकींना दाखवण्यासाठीच्या आहेत. डाइव्हिंग बोर्डवरची लिली असो की स्वयंपाकघरातल्या सुझाना आणि फेलिसिटी, कॅमेऱ्यामागे आपली माणसे आहेत याची खात्री त्यांच्या अंगात मुरलेली दिसते.

अभ्यासकाच्या दृष्टीने या तांत्रिक तपशिलांना आणखी एक उपयोग आहे. त्या काळी अमेरिकेत व्यापारी लॅबमध्ये छापलेल्या रंगीत फोटोच्या पांढऱ्या कडेवर पुष्कळदा महिना आणि वर्ष छापलेले असे. अशी तारीख फोटो काढल्याची नसते, तो छापल्याची असते, आणि सणाचे फोटो दोन-तीन महिन्यांनी धुतले जाणे ही घरोघरची रीत होती. तरी ती एक बाजू पक्की करते. कडेवर तारीख नसणे, कडाच कापलेली असणे, पोलरॉइडच्या खास आकारात असणे, या गोष्टीही फोटो कोणत्या वाटेने आला ते सांगतात. म्हणून अशा संग्रहात फोटोची पाठ आणि कडा न नोंदवता फक्त समोरचे चित्र स्कॅन करून ठेवणे हा अर्धा ऐवज फेकून देण्याचा प्रकार आहे. दुर्दैवाने घरगुती संग्रहांचे बहुतेक डिजिटायझेशन असेच होते.

फोटो काढण्याचा फोटो

संग्रहातल्या एका फोटोवर मी अधिक रेंगाळणार आहे. १९६४ ते १९६७ दरम्यानचा हा फोटो लिली, विल्मा आणि त्यांच्या मैत्रिणींचा आहे आणि त्यात फोटो काढण्याचाच कार्यक्रम चालू आहे. एकीने पोझ घेतली आहे, इतर जणींच्या हातात कॅमेरे आहेत, आणि हे सगळे टिपणारा आणखी एक कॅमेरा चौकटीबाहेर आहे. साध्या कौटुंबिक अल्बममध्ये एवढे कॅमेरे एका चौकटीत सहसा दिसत नाहीत. घरात एक कॅमेरा असे, तो बहुधा वडिलांच्या हातात असे आणि त्यामुळे वडील स्वतः फोटोंतून गायब असत. इथे प्रत्येकीला पाहायचे आहे आणि प्रत्येकीला दिसायचे आहे. कॅमेरा हातोहात फिरतो, म्हणजे पाहणारी आणि दिसणारी यांच्यातली अधिकाराची उतरंड मोडून पडते.

धोका पत्करून फोटो काढण्याची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर मला या चौकटीत मिळते. सोमवारी सकाळी हे सगळे लोक पुन्हा कोट-टाय चढवून कामावर जाणार होते. विग, झगे, दागिने पेटीत बंद होणार होते, काही वेळा रागाच्या किंवा पश्चात्तापाच्या भरात फेकूनही दिले जाणार होते. दोन दिवस जी व्यक्ती इतरांसमोर वावरली तिचा पुरावा म्हणून फोटोखेरीज काहीच उरत नव्हते. तिच्या नावाचा ना दाखला, ना पगाराची पावती, ना दारावरची पाटी. फोटो हा तिचा एकमेव कागद होता, आणि तो कागद खरा आहे याची साक्ष देणारी माणसे त्याच चौकटीत शेजारी बसलेली होती. आरशात एकटीला दिसणारी मी आणि मैत्रिणींमध्ये बसलेली मी यांतला फरक या फोटोंनी त्यांना दिला असावा. कौटुंबिक अल्बम असलेल्या नात्यांची नोंद ठेवतो; या अल्बमने नाते आणि माणूस दोन्ही प्रत्यक्षात आणण्याचे काम केले, असे मला वाटते.

सामाजिक इतिहास म्हणून पाहताना दुसरी एक गोष्ट ठळकपणे पुढे येते, ती म्हणजे या फोटोंतला सभ्यपणा. रंगमंचावरचा भडक थाट इथे जवळपास नाही. गुडघ्याखाली जाणारे झगे, कार्डिगन, मोत्यांची माळ, फुगवून बसवलेले केस, हातात कॉफीचा कप. या मंडळाने स्त्रीत्वाचा जो नमुना स्वीकारला तो १९५०-६० च्या दशकांतल्या उपनगरी गृहिणीचा होता. नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेतल्या हजारो प्रत्यक्ष गृहिणी या साच्याला कंटाळल्याचे मोठ्याने सांगू लागल्या होत्या. हा विरोधाभास कोणा अभ्यासकाने ओढून-ताणून आणलेला नाही. तो प्रत्येक फोटोत बसलेला आहे. त्यासाठी त्यांना हसण्याचे कारण नाही. पोलिसांच्या, शेजाऱ्यांच्या आणि स्वतःच्या मनातल्या भीतीपुढे ‘आम्हीही सभ्य आहोत’ हे सांगायचे तर त्या काळात हाच वेष सर्वांत सुरक्षित होता, आणि प्रिन्स यांच्या नियतकालिकाचा आग्रहही तोच होता.

सुटे फोटो, चुकलेली वाचने

२००५ चे पुस्तक आले तेव्हा त्यात फोटो होते आणि माहिती फार थोडी. संपादकांना फोटोंबद्दल मनापासून जिव्हाळा होता आणि त्यांनी ते वाचवले नसते तर हा लेख लिहिण्याचा प्रसंगच आला नसता, हे आधी मान्य केले पाहिजे. पण माहितीची जागा रिकामी राहिली की वाचक ती आपल्या सवयीने भरतो. अनेकांनी हे फोटो गंमत म्हणून पाहिले, काहींनी ते समलिंगी पुरुषांच्या चळवळीच्या इतिहासात बसवले, काहींनी त्यांच्यावर नाटक आणि फॅशनच्या कल्पना रचल्या. फोटो सुंदर होते, आणि सौंदर्यामुळे प्रश्न विचारण्याची निकड कमी झाली, हेही खरे.

पुस्तकाचा खरा लाभ वेगळ्याच बाजूने झाला. ते आणि त्याबद्दलचे वृत्तपत्रीय लेखन वाचून त्या काळी तिथे गेलेली माणसे आणि त्यांचे नातेवाईक पुढे येऊ लागले. फ्रेंच दिग्दर्शक सेबास्तियाँ लिफशित्झ यांच्या २०२२ मधील माहितीपटात कॅथरीन कमिंग्ज आणि डायना मेरी-शपिरो या दोघींनी त्या दिवसांबद्दल सांगितले. कमिंग्ज या ग्रंथपाल होत्या आणि पुढे ऑस्ट्रेलियात लेखिका व कार्यकर्त्या म्हणून ओळखल्या गेल्या. मेरी-शपिरो यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात संगणक-प्रोग्रामर म्हणून काम केले. दोघीही पुढे पूर्णवेळ स्त्री म्हणून जगल्या. त्यांच्या साक्षीने फोटोंचे एक मोठे कोडे उलगडले. फोटोंमध्ये सगळे पाहुणे एकसारखे दिसतात : तेच झगे, तीच हसरी रांग. पण त्या रांगेत शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीसाठी हा आठवड्याच्या शेवटचा विरंगुळा होता आणि दुसरीसाठी पुढच्या आयुष्याची तालीम. खुद्द सुझानाने साठचे दशक संपता संपता यापुढे स्त्री म्हणूनच जगायचे ठरवले. वेष, जागा, कॅमेरा सगळे एक असताना अर्थ दोन होते, आणि हा फरक कितीही बारकाईने पाहिले तरी फोटोत दिसत नाही. तो माणसांनी सांगावा लागला.

नियतकालिकाने तिसरी बाजू भरली. ‘ट्रान्सव्हेस्टिया’चे अंक कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) अभिलेखागाराने डिजिटल रूपात उपलब्ध करून दिले आहेत. फोटोतल्या चेहऱ्याला नाव देणे, सुझानाच्या सदरातल्या एखाद्या भेटीच्या वर्णनाशी फोटोतला प्रसंग ताडून पाहणे, मुखपृष्ठावर छापलेल्या फोटोची मूळ प्रत ओळखणे, हे काम त्यामुळे शक्य झाले. मैत्रीच्या खासगी फोटोंचा अभ्यास करणाऱ्याला एवढा सोबतचा छापील मजकूर क्वचितच मिळतो. इतर मंडळांच्या बाबतीत त्याची जागा पत्रे, वाढदिवसाची कार्डे आणि फोटोच्या पाठीवरच्या दोन ओळी यांनाच भरून काढावी लागते.

दरम्यान फोटोंची मालकीही हलत होती. स्वोप आणि हर्स्ट यांच्याकडचा संग्रह, सुमारे ३४० फोटो, टोरंटोच्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओने २०१५ मध्ये घेतला. काही फोटो सिंडी शर्मन या छायाचित्रकर्तीकडे होते. आपणच वेगवेगळे वेष घेऊन आपलेच फोटो काढणाऱ्या या कलावंताला अशा अल्बमची ओढ वाटावी यात नवल नाही. आणखी काही बेट्सी वोलहाइम यांच्याकडे. इझाबेल बोने आणि सोफी हॅकेट यांनी हे तुकडे एकत्र आणून मांडलेले प्रदर्शन २०२३ मध्ये फ्रान्समधील आर्ल येथील छायाचित्र महोत्सवात आणि नंतर टोरंटोत लागले. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही ते फोटो आले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच मारीचे विगचे दुकान होते आणि हे संग्रहालयही, हा योगायोग मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

फोटोंत जे नाही

बेट्सी वोलहाइम यांचा उल्लेख वर ओझरता आला, पण या प्रकरणात त्यांची जागा मोठी आहे. त्यांचे वडील डोनल्ड वोलहाइम हे विज्ञानकथांचे नामांकित संपादक आणि ‘डॉ बुक्स’ (DAW Books) या प्रकाशनाचे संस्थापक. ते कासा सुझानात जात असत, आणि १९६६ मध्ये त्यांनी टोपणनावाने या मंडळावर एक पुस्तकही लिहिले होते. माहितीपटात त्यांच्या मुलीने वडिलांबद्दल आणि घरात साठलेल्या ताणाबद्दल सांगितले तेव्हा या हसऱ्या फोटोंची पाठ दिसली. डोंगरातली मोकळीक कोणाच्या तरी गप्प राहण्यावर उभी होती. ज्या बायका सोबत आल्या नाहीत, ज्यांना काहीच ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून बोलता येत नव्हते, त्या एकाही फोटोत नाहीत. तरी प्रत्येक फोटोचा काही भार त्यांनी वाहिला आहे.

हौशी फोटोंची ही जुनी खोड आहे. आनंदाच्या वेळी कॅमेरा बाहेर येतो, भांडणाच्या वेळी येत नाही. डोंगराकडे येताना गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवलेली बॅग, वाटेत पोलिसांची गाडी मागे लागली तर काय सांगायचे याची तयारी, रविवारी संध्याकाळी रंग पुसताना येणारी उदासी, यांचे फोटो कोणी काढले नाहीत. त्याचबरोबर ज्यांना या मंडळात प्रवेशच नव्हता तेही फोटोंत नाहीत. प्रिन्स यांनी नियतकालिकाच्या जोडीला उभारलेली संघटना समलिंगी पुरुषांना आणि शस्त्रक्रियेने शरीर बदलू पाहणाऱ्यांना कटाक्षाने दूर ठेवत असे. सुझानाच्या घराचे दार त्या मानाने सैल असले तरी फोटोंमध्ये गोऱ्यांखेरीज चेहरे जवळजवळ नाहीत. शहरातल्या रस्त्यांवर, बारमध्ये वावरणाऱ्या, गरीब, कृष्णवर्णी आणि लॅटिनो पारलिंगी स्त्रियांना डोंगरात जायला ना गाडी होती ना अशा ओळखी. १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन या समलिंगी गिऱ्हाइकांच्या बारवर पोलिसांनी घातलेल्या धाडीनंतर जे रस्त्यावर उतरले त्यांत हे लोक होते. मोत्यांच्या माळा घातलेल्या डोंगरातल्या पाहुण्या नव्हत्या. त्यामुळे ‘साठच्या दशकातले पारलिंगी जीवन’ असा मथळा या फोटोंवर कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे. त्यांच्यात एका विशिष्ट वर्गाचे, विशिष्ट सोयी असलेले, तरीही भेदरलेले एक मंडळ दिसते, आणि तेवढ्यापुरती त्यांची साक्ष अतिशय पक्की आहे.

नावांचा प्रश्न

संग्रहालयात आल्यावर प्रत्येक फोटोखाली ओळ लिहावी लागते, आणि खरा पेच तिथे उभा राहतो. टोरंटोच्या संग्रहालयाने या व्यक्तींची त्यांनी स्वतः निवडलेली नावे वापरली आहेत : लिली, विल्मा, डॅफ्नी, अ‍ॅन, फेलिसिटी. छायाचित्रकाराच्या जागी ‘अँड्रिया सुझन यांचे असल्याचे मानले जाते’ अशा अर्थाची नोंद आहे. एका फोटोच्या ओळीत डॅफ्नीसोबत हिरवळीवर अ‍ॅन, सुझाना आणि ‘एक मैत्रीण’ असल्याचे लिहिले आहे. मला ही पद्धत योग्य वाटते. सरकारी कागदावरचे नाव हेच माणसाचे खरे नाव असा आग्रह धरला तर हे फोटो ज्यासाठी काढले गेले तेच नाकारल्यासारखे होते. शिवाय ज्यांनी आयुष्यभर ते नाव आणि हा चेहरा एकत्र येऊ दिला नाही, त्यांच्या वतीने तो निर्णय घेण्याचा अधिकार अभ्यासकाला कोणी दिलेला नाही. मी या लेखात सुझानाचे सरकारी नाव दिलेले नाही ते याच कारणाने, जरी ते आज सहज सापडते.

याच्या उलट मतही वजनदार आहे. इतिहासाला नावे लागतात. नावांशिवाय व्यवसाय, गाव, कुटुंब, पुढचे आयुष्य यांचा शोध लागत नाही, आणि सगळे काही झाकून ठेवले तर ज्या लाजेपायी हे लोक लपून राहिले ती लाज आपण पुढे चालवतो, असे म्हणणारे आहेत. वोलहाइम यांच्या मुलीने स्वतः पुढे येऊन सांगितल्यामुळे या इतिहासात मोठी भर पडली, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल. पण तिथे निर्णय घरच्या माणसाने घेतला, पुरेशा काळानंतर, आपल्या शब्दांत. तो नियम करता येत नाही.

हा प्रश्न आता अधिक नेटाने पुढे येणार आहे, कारण चेहरे जुळवणारी संगणकीय साधने कोणाच्याही हाताशी आहेत. महाविद्यालयांची जुनी वार्षिके आणि वृत्तपत्रांतले फोटो ऑनलाइन आहेत, आणि डॅफ्नीच्या शेजारी बसलेली ती मैत्रीण कोण, हे शोधून काढणे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेले नाही. माझ्या मते संग्रहालयांनी अशी जुळणी स्वतः करू नये, संशोधकांना फोटो देताना ती न करण्याची लेखी अट घालावी, आणि त्याच वेळी घरच्यांसाठी एक वाट उघडी ठेवावी : एखाद्या नातवाने किंवा पुतणीने आजोबांच्या पेटीत सापडलेला फोटो आणून ‘ही आमची आहे’ असे म्हटले, तर नोंद बदलण्याची, आणखी माहिती जोडण्याची आणि हवे असल्यास ती काही वर्षे बंद ठेवण्याची व्यवस्था असावी. तोवर त्या ओळीत ‘एक मैत्रीण’ एवढेच राहावे.